ट्रान्सफरच्या दिवशी त्रास कमी कसा होईल? तुमचे अनुभव सांगा

गेवराईची_लेक

नमस्कार तायांनो. पुढच्या आठवड्यात माझं टेस्ट ट्यूब बेबीचं (आयव्हीएफ) दुसरं ट्रान्सफर आहे. लॅबमध्ये वाढवून फ्रीज करून ठेवलेला पाचव्या दिवसाचा गर्भ गर्भपिशवीत सोडायचाय. दवाखाना छत्रपती संभाजीनगरला, आम्ही गेवराई तालुक्यातले.

पहिल्या वेळचं सांगते. आदल्या दिवशी फोनवर एवढंच कळवलं होतं, "लघवी भरलेली पाहिजे, पाणी पीत पीत या." शहागडचा पूल ओलांडला तशी मी बाटली तोंडाला लावली ती थेट दवाखान्यापर्यंत. तिथं गेल्यावर समजलं की आतलं काम लांबलंय. दोन तास बाकड्यावर. उठवत नव्हतं, बसवत नव्हतं. आत नेलं तोवर डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. त्यात सोनोग्राफीचं मशीन ओटीपोटावर दाबलं. "अंग ढिलं सोडा, ढिलं सोडा" सगळे म्हणायलेत, पण लघवी दाबून धरलेली बाई अंग ढिलं कसं सोडणार? आता काय करायलेत, किती वेळ राहिलाय, एका शब्दानं कुणी सांगितलं नाही.

काम दहा मिनिटांचं, पण अजून रात्री आठवतं. तो गर्भ काही राहिला नाही. तेव्हापासून एकच घोळतंय, की मी अंग आवळून धरलं म्हणून तर गेला नसेल?

यावेळी मला नीट तयारीनं जायचंय. लघवी नेमकी किती भरलेली असावी? भूल मागावी का? आणि शंभरेक किलोमीटर लगेच परत आलं तर चालतं का? ज्या यातून गेल्यात त्यांनी सांगा.

उदगीरची_सुमन

बाकीचं जाणत्या बायका सांगतील. पण तो शेवटून दुसरा विचार आजच सोड, माय. तू आवळून धरलंस म्हणून गर्भ जात नसतो. मी तीनदा केलंय. जे राहिलं त्या वेळी मी सगळ्यात जास्त घाबरलेली होते.

सिस्टर_आक्का

बाळा, मी अठरा वर्षं याच कामात सिस्टर होते, आता घरी असते. तुझं वाचून वाईट वाटलं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

लघवी का भरायची ते आधी समजून घे. पिशवी बहुतेक बायकांची पुढे झुकलेली असते. मूत्राशय भरलं की ती जरा मागे ढकलली जाते, पिशवीच्या तोंडापासून आतपर्यंतची वाट सरळ होते आणि नळी अलगद जाते. दुसरं, पोटावरून सोनोग्राफी करताना भरलेल्या मूत्राशयातून पिशवी स्वच्छ दिसते. बस, एवढ्यासाठी. जीव जाईस्तोवर भरायची गरज कधीच नसते. उलट फार तट्ट भरली तर बाई आवळते, आणि डॉक्टरांनाही काम अवघड होतं.

आम्ही काय सांगायचो? आल्यावर आधी लघवीला जाऊन या. मग ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी अर्धा ते पाऊण लिटर पाणी, सावकाश. आणि महत्त्वाचं हे, की घड्याळ दवाखान्याचं धरायचं, घरचं नाही. गेवराईहून निघताना पाणी प्यायला लावणं चुकीचंच. तू तिथं पोच, सिस्टरला विचार, "आत कधी घेणार ते नक्की झालं का?" आणि मग पी. उशीर झालाच तर सांग, "मला थोडी सोडून यायचीय." एक ग्लासभर सोडून थांबता येतं. बायकांना वाटतं जमणार नाही, पण जमतं.

ज्यांची पिशवी मागे झुकलेली असते त्यांना कधी कधी भरलेली लघवी लागतही नाही. म्हणून तुझी कशी आहे ते डॉक्टरांना विचार. शेजारणीला सांगितलेलं तुला लागू होईलच असं नाही.

परभणीचा_दादा

मी पुरुष आहे, या धाग्यावर लिहू का म्हणून दोनदा विचार केला. पण लिहितो, कारण नवऱ्यांना कुणी काही सांगतच नाही.

माझ्या बायकोचं ट्रान्सफर नांदेडला झालं. पहिल्या वेळी मला बाहेर बसवलं. मी बिलं भरत होतो, ती आत एकटी. दुसऱ्या वेळी मी आधीच डॉक्टरमॅडमना विचारलं, "मी आत येऊ का?" त्या म्हणाल्या, "या की, डोक्याशी उभे राहा." इतकंच होतं ते! विचारलं नव्हतं म्हणून मिळालं नव्हतं.

मी फक्त हात धरला आणि ती म्हणाली तेव्हा कपाळावरचा घाम पुसला. स्क्रीनवर एक पांढरा ठिपका लुकलुकला. तो बघून आम्ही दोघं रडलो. बायकोनं मला नंतर सांगितलं, "तुम्ही बोलत होतात म्हणून मला बाकीचे आवाज ऐकू आले नाहीत." मी बोललो काय, तर आमच्या म्हशीचं. घरी वासरू झालं होतं त्या आठवड्यात.

काचेमागची

परभणीचे दादा, तो लुकलुकलेला ठिपका म्हणजे नळीतल्या द्रवाबरोबर जाणारा हवेचा छोटा बुडबुडा. गर्भ सोनोग्राफीत दिसत नाही, तो मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा असतो. पण ठिपक्यावरून गर्भ कुठं पोचला ते कळतं, त्यामुळे तुमचं रडणं योग्य जागीच झालं.

मी लॅबमध्ये असते, काचेच्या पलीकडे. आमच्याकडच्या काही गोष्टी पेशंटला सांगितल्या जात नाहीत, आणि मग बाई उगाच धास्तावते. त्या इथं सांगून ठेवते.

तुमचं नाव पुन्हा पुन्हा विचारतात. चूक झाली म्हणून नव्हे, गर्भ तुमचाच आहे ना याची प्रत्येक टप्प्यावर खात्री करायची असते म्हणून. कंटाळू नका, स्पष्ट सांगा.

खोलीत उजेड कमी असतो. ते गर्भासाठी असतं, काही लपवायचं नसतं.

अत्तर, सेंट, उग्र वासाचं तेल लावून येऊ नका म्हणतात. हवेतल्या अशा वासाच्या कणांपासून गर्भ जपतो आम्ही. गजरासुद्धा त्या दिवशी राहू द्या.

आणि सगळ्यात घाबरवणारा क्षण. डॉक्टर नळी बाहेर काढतात आणि सगळे गप्प होतात. त्या वेळी मी मायक्रोस्कोपखाली नळी तपासत असते, गर्भ आतच चिकटून राहिला नाही ना. कधी कधी राहतो. मग पुन्हा भरून पुन्हा सोडतात. याने फार बिघडत नाही. पण पेशंटला आधी सांगितलेलं नसेल तर ती त्या शांततेत काय काय मनात आणते, हे मी काचेतून पाहिलंय. म्हणून हल्ली मी स्वतः आवाज देते, "नळी तपासतेय हं ताई, एक मिनिट." डॉक्टरांनी मला असं करायला सांगितलं नव्हतं, पण त्यांनी आडवलंही नाही.

वैशाली_जालना

मला थोडं वेगळं सांगायचंय. वर सगळ्या म्हणतात दहा मिनिटं असतात, सहन होतं. माझं तसं नव्हतं. मला साधी आतून तपासणीसुद्धा जमत नाही, स्नायू आपोआप आवळतात. लग्नानंतर चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बीज, म्हणजे अंडाशयातली अंडी, काढायच्या वेळी भूल असते म्हणून निभावलं, पण ट्रान्सफर बिनभुलीचं म्हटल्यावर मी टेबलावरून उठून आले. खरंच उठून आले.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी हलकी भूल दिली. काही कळलं नाही. मी तर म्हणते प्रत्येकीनं मागावी. का सोसायचं?

डॉ_अंबाजोगाई

वैशालीताई, तुम्ही टेबलावरून उठलात ते योग्य केलंत. "थांबा" म्हणायचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे, पाय वर घेतल्यानंतरसुद्धा. तुमच्यासारख्या त्रासात भूल देणं बरोबरच आहे.

पण सगळ्यांनी मागावी याच्याशी मी सहमत नाही. बीज काढताना सुई योनीच्या भिंतीतून अंडाशयात जाते, म्हणून तिथं भूल लागतेच. ट्रान्सफरमध्ये सुई नसते. शेवयांसारखी मऊ, बारीक नळी पिशवीच्या तोंडातून जाते. बहुतेकींना पाळीच्या आधी ओटीपोटात ओढल्यासारखं होतं तेवढं, आणि योनी उघडी धरायच्या स्पेक्युलम या साधनाचा ताण. भूल घ्यायची तर उपाशी राहावं लागतं, आणि इथं तर पाणी पिऊन यायचंय, तो घोळ वेगळा. भुलीमुळे गर्भ राहण्याचं प्रमाण वाढतं असंही सिद्ध झालेलं नाही.

ज्यांचं पिशवीचं तोंड अरुंद किंवा वाकडं आहे, आधी सिझर झालंय, मागच्या वेळी नळी जायला अडलं होतं, त्यांनी एक गोष्ट जरूर मागावी. ट्रायल ट्रान्सफर. आधीच्या महिन्यात गर्भाविना, नुसती नळी घालून वाट बघून ठेवायची. कोणता कोन, कोणती नळी, लघवी किती हवी, सगळं आधीच ठरतं. ऐनवेळी चिमट्यानं पिशवीचं तोंड ओढायची वेळ आली तर दुखतंही आणि पिशवी आकुंचनही पावते, ते आपल्याला नकोच असतं. म्हणजे बाईला आराम आणि गर्भाला आराम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. अलगद हातानं केलेलं काम दोघांनाही मानवतं.

गेवराईच्या ताई, घाबरल्यामुळे गर्भ गेला नाही. पाचव्या दिवसाचा चांगला दिसणारा गर्भसुद्धा पुष्कळदा रुजत नाही, आणि त्याची बरीच कारणं गर्भातच असतात, गुणसूत्रांत. तुम्ही अंग आवळून धरलंत त्याचा त्यात दोष नाही.

नाझनीन_नांदेड

मला पडद्याची फार काळजी होती. टेबलावर झोपवल्यावर पाय वर, आणि दारातून कोण येतंय जातंय कळत नाही. मी लाजत लाजत सिस्टरला म्हटलं, "मोठी चादर मिळेल का?" तिनं गुडघ्यांपासून खाली लोंबेल अशी चादर टाकली आणि दाराला आतून कडी लावली. किती साधी गोष्ट! नंतर ती म्हणाली, "आता मी सगळ्यांनाच विचारते."

आणि मोजे न्या. ऑपरेशन थिएटरमध्ये थंडी फार असते, पाय गार पडले की अंग आपोआप आखडतं.

स्पेक्युलमसुद्धा गार असतं. आमच्या मॅडम ते कोमट सलाईनमध्ये बुडवून घ्यायच्या. लावण्याआधी सांगायच्या, "आता हात लागेल, आता थोडं उघडल्यासारखं वाटेल." पुढचं कळलं की भीती निम्मी होते. अम्मीचं म्हणणं, दुवा पढत राहा. मी श्वास मोजत दुवा पढले, दोन्ही झालं.

लातूरची_काकू

लेकींनो, तुमचं वाचून मला २००१ आठवलं. तेव्हा आम्ही देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जायचो. गावात सांगायचो, सिद्धिविनायकाला चाललोय. ट्रान्सफर झालं की पलंगाच्या पायाखाली विटा घालून पाय वर, डोकं खाली, तसं कितीतरी तास. लघवीला सुद्धा उठू द्यायचे नाहीत. मग लॉजवर आठ दिवस पडून. गाडीचा धक्का बसला तर गर्भ पडेल म्हणून मी परतीच्या प्रवासात बर्थवरून हलले नाही. पाठ धरली ती धरलीच.

त्या खेपेला राहिलं नाही. पुढच्या खेपेला मुलगी झाली, आता ती पुण्याला नोकरी करते. तरी मला वाटतं, निदान दोन दिवस तरी पडावं. उगाच जोखीम कशाला?

मृदुला_संभाजीनगर

काकू, तुम्ही सोसलंत ते वाचूनच पाठ दुखली. पण आता ते मागे पडलंय. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिननं २०१७ मध्ये ट्रान्सफरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय की नंतर पडून राहायची गरज नाही, लगेच उठलं तरी चालतं. सोनोग्राफीत बघत करावं, मऊ नळी वापरावी, हेही त्याच सूचनांत आहे.

गर्भ पडत का नाही, ते मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मनात बसलं. पिशवी म्हणजे रिकामी घागर नाही. तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. मध्ये तो इवलासा गर्भ, दुमडलेल्या धपाट्याच्या घडीत चिकटलेल्या तिळासारखा. गाडी उडाली म्हणून तीळ गळत नाही. आणि लघवीचा रस्ता तर वेगळाच, त्यामुळे टेबलावरून उठून सरळ लघवीला जा. ती सुटका काय असते हे गेवराईच्या ताईंना मी सांगायला नको.

लातूरची_काकू

तिळाचं पटलं गं बाई. मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर!

बीडचा_वाटसरू

हे सगळं उघड्यावर बोलायची गरज आहे का? आमच्याकडे असल्या गोष्टी घरातल्या घरात राहतात.

सिस्टर_आक्का

दादा, घरातल्या घरात राहतात म्हणूनच ही लेक दोन तास लघवी दाबून बाकड्यावर बसली. तिला घरी कोण सांगणार होतं? आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये त्यावर सरकारला समिती नेमावी लागली. त्याआधी कित्येक वर्षं तेही घरातल्या घरातच राहिलं होतं. पिशवीबद्दल बायकांनी मोकळं बोललंच पाहिजे, ती काढायची असो की भरायची.

उदगीरची_सुमन

आक्का 🙏

जरा वेगळं विचारू का? ट्रान्सफरपेक्षा मला गर्भ टिकावा म्हणून देतात त्या प्रोजेस्टेरॉनच्या तेलातल्या इंजेक्शनांचा त्रास जास्त झाला. गाठी आल्या, बसता येईना. तुम्ही काय केलंत?

नाझनीन_नांदेड

बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करा, तेल पातळ होतं. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. नंतर हातानं चोळायचं आणि थोडं चालायचं.

सिस्टर_आक्का

आणि कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागातच, हे घरी इंजेक्शन देणाऱ्यानं शिकून घ्यावं. गरम पाण्याची पिशवी इंजेक्शनच्या जागेवर चालते, पोटावर ठेवू नका. फारच झालं तर योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा जेल असतं, ते तुम्हाला चालेल का डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनानं इंजेक्शन बंद करू नका. पोट गच्च होणं, शौचाला घट्ट होणं हेही याच औषधानं होतं. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते, पण मेडिकलवरून दुसरी दुखण्याची गोळी न विचारता आणू नका.

डॉ_अंबाजोगाई

यात एक भर. ट्रान्सफरनंतर किंचित रक्ताचा डाग दिसला तर बहुधा तो पिशवीच्या तोंडाला नळी लागल्याचा असतो. पण बीज काढल्यावर त्याच महिन्यात ट्रान्सफर झालं असेल आणि पोट फुगत चाललं, लघवी कमी झाली, दम लागला, तर सकाळची वाट बघू नका. अंडाशयं जास्त उत्तेजित झाल्याची ती लक्षणं असतात. लगेच फोन करा.

वैशाली_जालना

डॉक्टर, वर मी "प्रत्येकीनं भूल मागावी" म्हटलं, ते मागे घेते. प्रत्येकीला विचारलं जावं, एवढंच म्हणायचं होतं मला. मला कुणी विचारलंच नव्हतं की तपासणी सहन होते का.

डॉ_अंबाजोगाई

मान्य. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांबद्दलच्या २०२१ च्या कायद्यानं दवाखान्यानं जोडप्याचं समुपदेशन करणं आणि लेखी संमती घेणं बंधनकारक केलंय. आमच्याकडं बहुतेक ठिकाणी समुपदेशन म्हणजे यशाचं प्रमाण आणि पैसे. तुमचा प्रश्न त्यात पहिला यायला हवा. उद्यापासून मी तो माझ्या कागदावर लिहून घेतेय.

गेवराईची_लेक

नऊ दिवसांनी येतेय. ट्रान्सफर झालं, परवा.

तुमचं सगळं मी वहीत उतरवून नेलं होतं. आदल्या दिवशी फोन करून सिस्टरला स्पष्ट विचारलं, "पाणी कधी प्यायचं?" त्या म्हणाल्या, "इथं आल्यावर सांगते." म्हणून वाटेत फक्त तहानेपुरतं प्यायले, आडूळला थांबून लघवीला गेले. दवाखान्यात पोचल्यावर अकराला पाणी दिलं, बाराला आत घेतलं. मध्ये एकदा सोनोग्राफीत बघून म्हणाल्या, "एवढी पुरे." पोट जड होतं, पण दुखत नव्हतं.

मी डॉक्टरांना मागच्या वेळचं सांगितलं. सांगताना आवाज कापला. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हात वर केलात की मी थांबेन." मला हात वर करावा लागला नाही. पण करता येईल हे माहीत होतं ना, तेवढ्यानंच अंग सैल पडलं.

यांना आत घेतलं. म्हैस नाही आमच्याकडे, म्हणून यांनी कापसाचा भाव सांगितला. नळी बाहेर आल्यावर सगळे गप्प झाले तेव्हा मीच विचारलं, "तपासायलात का?" आतून आवाज आला, "हो ताई, रिकामी आहे, गर्भ आत गेलाय." काचेमागच्या ताई, तुमची आठवण आली.

लगेच लघवीला गेले. दोनच्या सुमारास निघालो, पाचच्या आत घरी. सासूबाईंनी खाट टाकून ठेवली होती, त्यांना तिळाचं सांगितलं. त्यांनी खाट काढली नाही, पण भाकरी मला करू दिल्या.

गर्भ राहिला का ते सांगणारी बीटाची रक्ततपासणी अजून दहा दिवसांनी आहे. ती काय येईल ती येवो. रात्री आठवून दचकायचं मात्र थांबलंय.

पाथरीची_रेखा

मी महिनाभर नुसतं वाचत होते. माझं गुरुवारी आहे, संभाजीनगरलाच. नवरा साखर कारखान्यावर आहे, त्याला रजा मिळाली नाही. एकटीच एसटीनं येणार आहे. मोजे घेतलेत. अजून काय आणू?

मृदुला_संभाजीनगर

काही आणू नकोस. मला मेसेज कर, मी स्टँडवर घ्यायला येते. डॉक्टरांना विचारून ठेव, मैत्रीण आत आली तर चालेल का.